बेरीज करू की वजाबाकी?

तुमच्या घरात तिसरी-चौथीतलं मूल असेल, तर हा प्रश्न तुम्ही नक्की ऐकला असेल. उभी मांडलेली गणितं भराभर होतात. हातचे नीट घेतले जातात, पाढेही पाठ असतात. मग पानाच्या तळाशी तीन-चार ओळींचं शाब्दिक उदाहरण येतं आणि गाडी थांबते. पेन्सिल तोंडात जाते, तहान लागते, खोडरबर हरवतं आणि शेवटी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक येते, "आई, यात बेरीज करू की वजाबाकी?"

कणकेचे हात, गॅसवर भाजी, घड्याळात साडेसात. अशा वेळी घरोघरी एकच उत्तर मिळतं, "वजाबाकी कर." दोन मिनिटांत उदाहरण सुटतं, होमवर्क संपतो, सगळे खूश. पण त्या उदाहरणातलं खरं गणित कुणी केलं, सांगा बरं? 'इथे वजाबाकी करायची' हे ठरवणं हेच तर गणित होतं. ते आईने केलं. मुलाच्या वाट्याला उरली आकडेमोड, आणि ती तर त्याला आधीच येत होती.

आम्ही इंदूरला राहतो. घरात मराठी, बाहेर हिंदी आणि शाळेच्या पुस्तकांत इंग्रजी. मी शिक्षिका नाही, पण गेली दोन वर्षं संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझी तिसरीतली लेक आणि इमारतीतली आणखी दोन मुलं अभ्यासाला बसतात. त्यातला एक चौथीतला. तो पहिल्यांदा आला तेव्हा युनिट टेस्टचा पेपर घेऊन आला होता. आकडेमोडीचा पूर्ण भाग बरोबर आणि शाब्दिक उदाहरणांच्या पाचही जागा कोऱ्या. चूक नाही, खाडाखोड नाही, नुसत्या कोऱ्या. "का रे, वेळ पुरला नाही का?" असं विचारल्यावर म्हणाला, "काकू, मी मॅथ्सवाला नाहीये."

नऊ वर्षांचं पोर हे. त्याची आई काळजीने विचारत होती, "ताई, याला आत्तापासूनच ट्यूशन लावू का?" मार्कांचं मला फारसं काही वाटलं नाही. पण नवव्या वर्षी एखाद्या मुलाने एका अख्ख्या विषयाचं दार स्वतःच लावून घ्यावं, हे मनाला लागलं. म्हणून आमच्या टेबलावर आम्ही काय काय करतो आणि त्यातलं काय उपयोगी पडतं, ते आज तुम्हाला सांगते आहे.

मुलं वाचत नाहीत, शोधतात

आधी एक गंमत ऐका. १९७९-८०च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात गणित शिक्षणाच्या अभ्यासकांनी दुसरी-तिसरीच्या वयाच्या मुलांना एक प्रश्न दिला : एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी त्यातले आकडे वापरून वय काढून दाखवलं! मेंढ्यांवरून कप्तानाचं वय कसं कळेल, हे त्यांनी विचारलंच नाही.

ही मुलं बुद्धू नव्हती. शाळेतल्या उदाहरणांनी त्यांना एक सवय लावली होती : दोन आकडे दिसले की त्यांचं काहीतरी करायचं आणि उत्तर लिहायचं. आपल्याकडेही हेच चालतं. त्यात भर म्हणून मुलांना 'खुणेचे शब्द' शिकवले जातात. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, 'जास्त' दिसलं की बेरीज. पहिलीत हे चालून जातं. तिसरीत मात्र असं उदाहरण येतं :

रियाकडे २४ मणी आहेत. ते मीनाकडच्या मण्यांपेक्षा ८ने जास्त आहेत. तर मीनाकडे किती मणी आहेत?

'जास्त' पाहिलं की मुलं २४ आणि ८ मिळवून ३२ लिहून मोकळी होतात. आता मणी रियाकडे जास्त आहेत, मग मीनाकडे तिच्याहून अधिक कसे असतील? उत्तर आहे १६. 'जास्त' हा शब्द खोटं बोलत नाही. पण कुणाकडे जास्त, हे कळायला पूर्ण वाक्य वाचावं लागतं. म्हणून खुणेच्या शब्दांची यादी भिंतीवर लावली असेल, तर ती खुशाल काढून टाका.

आधी गोष्ट, आकडे नंतर

आमच्या टेबलावरचा पहिला नियम असा : उदाहरण वाचलं की पेन्सिल खाली. मी विचारते, "काय चाललंय यात?" मुलाने आकडे न घेता गोष्ट सांगायची. "दोन मैत्रिणी आहेत. दोघींकडे मणी आहेत. रियाकडे जास्त आहेत. मीनाचे किती ते आपल्याला माहीत नाही." एवढं नीट सांगता आलं की अर्धी लढाई जिंकली.

सुरुवातीला हे जमत नसेल, तर तुम्ही उदाहरण वहीत उतरवताना आकड्यांच्या जागी रिकाम्या चौकटी काढा. 'रियाकडे काही मणी आहेत. ते मीनापेक्षा काहीने जास्त आहेत.' आकडेच नसले की करायला काही उरत नाही, मग वाचावंच लागतं. गोष्ट कळली की विचारा, "मीनाचे मणी रियापेक्षा कमी येतील की जास्त?" हा अंदाज आधी ठरला की ३२ हे उत्तर मुलालाच खटकतं. त्यानंतर आकडे भरा.

आणि इथे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांसाठी एक खास गोष्ट. पुस्तक इंग्रजीत असलं तरी गोष्ट मराठीत सांगू द्या. अनेक घरांत भीती असते, की मराठीत समजावलं तर शाळेत गोंधळ होईल. माझा अनुभव उलट आहे. पुष्कळदा मूल गणितात अडकलेलं नसतंच, ते इंग्रजीत अडकलेलं असतं. 'हाउ मेनी आर लेफ्ट?' हे वाचून माझ्या लेकीने एकदा विचारलं होतं, "डाव्या बाजूला किती, असं का?" तिला लेफ्ट म्हणजे डावा एवढंच माहीत होतं! 'ईच' म्हणजे प्रत्येकी, 'ऑल्टुगेदर' म्हणजे सगळे मिळून, 'डिफरन्स' म्हणजे दोन संख्यांतला फरक. हे शब्द सुटे करून मराठीत एकदा नीट सांगितले की कित्येक 'अवघड' उदाहरणं सोपी होतात.

'मोअर दॅन' आणि 'लेस दॅन'चंही तसंच. "मीना हॅज एट लेस दॅन रिया" यातला 'दॅन' मुलं गिळून टाकतात. मराठीत 'रियापेक्षा' म्हटलं की तुलना कुणाशी चालली आहे ते शब्दालाच चिकटून येतं. बाकी 'सत्तेचाळीस' कळलं नाही तर बिचकू नका. "फोर्टी सेव्हन लाडू होते आणि त्यातले नऊ संपले" असं खिचडी मराठीतही गणित उत्तम चालतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. शाळेत ते होवो न होवो, जेवणाच्या टेबलावर तर नक्की होऊ शकतं.

पट्टी काढा

गोष्ट कळली, तरी ती डोक्यात धरून ठेवणं लहान मुलांना जड जातं. त्यासाठी चित्र. पण चित्र म्हणजे मणी, मुली, त्यांच्या वेण्या नव्हे. तसं केलं तर अर्धा तास वेण्यांतच जाईल. साध्या आयताकृती पट्ट्या काढायच्या. सिंगापूरच्या शाळांत १९८०च्या दशकापासून ही पद्धत वापरतात आणि आता ती जगभर पोचली आहे. चौकटीची वही आणि पेन्सिल एवढंच सामान लागतं.

रियाची एक लांब पट्टी, तिच्यावर २४. तिच्या खाली मीनाची जरा आखूड पट्टी. जेवढी आखूड, तेवढ्या जागेत ८. आता बेरीज की वजाबाकी हे विचारावंच लागत नाही, समोर दिसतं.

हीच पट्टी मोठ्या उदाहरणांतही कामाला येते. समजा, ताई आणि धाकटा मिळून ६० रुपये आहेत आणि ताईकडे धाकट्याच्या दुप्पट आहेत. धाकट्याची एक चौकट, ताईच्या तशाच दोन. तीन चौकटी मिळून ६०, म्हणजे एक चौकट २०ची. धाकट्याकडे २०, ताईकडे ४०.

आता एकच शब्द बदलूया. ताईकडे दुप्पट नाहीत, १२ रुपये जास्त आहेत. मुलं इथे ६०चे निम्मे ३० करतात आणि ताईला १२ देऊन ४२ लिहितात. पट्टी काढली की दिसतं : दोघांच्या सारख्या दोन चौकटी आणि ताईच्या पुढे १२चा एक तुकडा. तो तुकडा आधी बाजूला काढला की उरले ४८. त्याचे दोन सारखे भाग २४. धाकट्याकडे २४, ताईकडे ३६. मोठ्या वर्गात हेच 'क्ष' मानून सोडवायला शिकवतात. पण चौथीतलं मूल ते 'क्ष'शिवाय सोडवतं आणि त्याला कारणही सांगता येतं.

आमच्या चौथीतल्या साहेबांना पट्टी अशी आवडली, की पहिले काही दिवस ते साध्या बेरजेलाही पट्टी काढत होते. काढू दिली. आधार हवासा वाटतो तेव्हा तो काढून घेऊ नये. नको झाला की मुलं आपणच सोडतात.

अडलं तर काय विचाराल?

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५मध्ये उदाहरणं कशी सोडवावीत यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या : प्रश्न समजून घ्या, बेत ठरवा, बेत पार पाडा आणि शेवटी मागे वळून बघा. घरात बहुतेक वेळा आपण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतो. पहिल्या दोन पायऱ्यांना वेळ दिला, तर तिसरीला फार वेळ लागत नाही.

मूल अडलं की मी तीनच प्रश्न विचारते. काय माहीत आहे? काय शोधायचं आहे? मधलं काय माहीत नाही?

तिसरा प्रश्न दोन पायऱ्यांच्या उदाहरणात फार उपयोगी. आईने २०० रुपये दिले. ३५ रुपयांची एक, अशा ३ वह्या आणि ४० रुपयांची एक रंगपेटी घेतली. किती रुपये उरले? मुलं पटकन २००मधून ३५ वजा करायला धावतात. "थांब. मधलं काय माहीत नाही?" असं विचारलं की उत्तर येतं, "सगळ्या वह्यांचे किती झाले ते." झालं! वह्यांचे १०५, रंगपेटीसकट १४५, उरले ५५. यात 'गुणाकार कर' असं मी म्हटलंच नाही.

विचारून झालं की गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड, खरंच. मूल छताकडे बघत असतं आणि आपल्या जिभेवर उत्तर तयार असतं. मनात वीसपर्यंत आकडे मोजा, नाहीतर उठून भाजी ढवळून या. रोज एक किंवा दोनच उदाहरणं घ्या, पण पूर्ण बोलून घ्या. वीस उदाहरणांचं वर्कशीट घाईने भरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि आवाज चढायला लागला, तुमचा किंवा त्याचा, की त्या दिवशी वही बंद.

उत्तर आलं, पण ते खरं वाटतं का?

पोल्यांची चौथी पायरी तर सर्रास राहून जाते. अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? बहुतेकांचा भागाकार बरोबर आला : ३१ आणि बाकी १२. पण जवळजवळ ३० टक्के मुलांनी उत्तरातही तेच लिहिलं, '३१ बाकी १२'. आता 'बाकी १२' नावाची बस कुठे मिळते? ते १२ जण काय रस्त्यावर उभे राहणार? ३२ बस लागतील.

म्हणून उत्तर आलं की ते गोष्टीत परत ठेवून बघायचं. पूर्ण वाक्यात लिहायला लावायचं : '३२ बस लागतील.' आणि विचारायचं, "हे खरं वाटतं का?" बाकीचं काय करायचं हे गोष्टच सांगते. सहलीला जाताना एक बस वाढवावी लागते. ५० रुपयांत १२ रुपयांची पेनं घेताना ४च येतात, उरलेल्या २ रुपयांत पाचवं येत नाही. आणि ७ पोळ्या दोघांत वाटायच्या असतील, तर साडेतीन-साडेतीन. बाकी तिन्हीकडे आहे, पण तिचं काय करायचं ते तिन्हीकडे वेगळं.

आता उदाहरण तू रच

हा आमच्या टेबलावरचा सगळ्यांत लाडका खेळ. मी नुसतं '१५ वजा ६' लिहून देते आणि त्यावर मुलांनी गोष्ट रचायची. लेकीने रचलं, "१५ जलेब्या होत्या, बाबांनी ६ खाल्ल्या." चौथीतला म्हणाला, "माझ्याकडे १५ गोट्या, दादाकडे ६. मला किती जास्त?" बघा, वजाबाकी तीच, पण एकीत काहीतरी संपलं आणि दुसऱ्यात काहीच संपलं नाही, फक्त तुलना झाली. वजाबाकी म्हणजे नेहमी काहीतरी जाणं नव्हे, हे दोघांना एकमेकांच्या गोष्टींवरून कळलं. मला काही शिकवावं लागलं नाही.

रविवारी पोहे-जलेबी आणायला जाताना हाच खेळ वाटेत चालतो. चौघांना पोहे, दोघांनाच जलेबी, शंभराची नोट, किती परत येतील? भाजीवाल्याकडे, रिक्षात, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, उदाहरणं पसरलेलीच असतात.

गणिताला गोष्टीत गुंफणं आपल्याकडे नवं नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' १२व्या शतकातली. त्यांच्या घराण्याची माहिती चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातही मिळते. 'लीलावती'त मुलीला उद्देशून विचारलेल्या प्रश्नांत हंस आहेत, मोर आहेत, भुंगे आहेत. त्यातला भुंग्यांचा प्रश्न पाचवीतल्या मुलांना जरूर घाला : भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबाकडे गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलाकडे, आणि या दोन भागांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर. एक भुंगा उरला, तो हवेतच घिरट्या घालतो आहे. तर सगळे किती?

ऐकायला भयंकर, पण पट्टी काढा. पाच आणि तीन, दोन्हींनी भाग जाईल अशी १५ चौकटींची पट्टी. पाचवा भाग म्हणजे ३ चौकटी, तिसरा भाग म्हणजे ५. फरक २ चौकटींचा, त्याची तिप्पट ६. तीन, पाच आणि सहा मिळून झाल्या १४. उरली एक चौकट आणि उरला एक भुंगा. म्हणजे एका चौकटीत एक भुंगा, सगळे मिळून १५. आमच्या टेबलावर हे सुटलं तेव्हा तिघांनी मिळून इतका आरडाओरडा केला, की शेजारच्या आजी काय झालं ते बघायला आल्या.

आणि तो चौथीतला? तो काही रातोरात गणितात पहिला आलेला नाही. मागच्या पेपरात पाच उदाहरणांपैकी तीन बरोबर आली, एक चुकलं आणि एक अर्धवट राहिलं. पण त्या अर्धवट उदाहरणाच्या जागीसुद्धा एक पट्टी काढलेली होती, तिच्यावर दोन आकडे होते आणि जो आकडा सापडला नाही तिथे प्रश्नचिन्ह होतं. ट्यूशनचा विषय त्याच्या आईने सध्या बाजूला ठेवला आहे.

आज संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघराच्या दिशेने तो प्रश्न आला, तर "वजाबाकी कर" म्हणायच्या आधी गॅस बारीक करा आणि एवढंच विचारून बघा, "आधी मला सांग, यात काय चाललंय?"